मोठ्या बाईंच्या शनिवारच्या बातम्या

भोंगा तोंडाशी नेण्याआधी त्या तो पदराने पुसायच्या, दोनदा फू फू करायच्या आणि म्हणायच्या, "बातमी आधी, सल्ला मागून. ऐकून राह्यले ना बाप्पा?"

मग थांबायच्या. कुठल्या तरी ओसरीवरून "बोला बाई" असं आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

मी मूळचा वरोऱ्याचा. मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावी, दोन शिक्षकांच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा तिथे मुख्याध्यापिका म्हणून या होत्या. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागत. मग मोठ्या कशा, असं मी एका चौथीच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आवाजानं."

दर शनिवारी दिवस कलला, माणसं शेतातून, जंगलातून परतली, की बाई निघत. भाजीवाल्यांकडे असतो तसला बॅटरीचा भोंगा खांद्याला अडकवलेला. गावात मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तरच मिळायची, त्यामुळे पालकांचा ग्रुप वगैरे काढून उपयोग नव्हता. बाई स्वतःच ग्रुप होत्या. चौकात, बोअरिंगजवळ, समाजमंदिरासमोर आणि शेवटी गोंड मोहल्ल्यातल्या मोहाच्या झाडाखाली उभ्या राहून त्या शाळेच्या बातम्या सांगत.

आणि बातम्या तरी कसल्या! "पहिलीच्या रोशनचा समोरचा दात पडला. रडला नाई. दात शाळेच्या कौलावर फेकला." "तिसरीच्या सानियानं परसबागेतली पहिली भेंडी तोडली, ती आज खिचडीत पडली. कोणाच्या ताटात गेली ते समजलं नाई." "चौथीच्या दोघांचं भांडण झालं होतं. मिटलं. आता दोघं मिळून तिसऱ्याशी भांडून राह्यले."

लोक हसायचे. पण तुम्ही कधी पोराबाळांच्या आईबापांचे चेहरे अशा वेळी पाहिले असतील, तर तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते. ज्याच्या पोराचं नाव आलं, तो उगाचच खाली मान घालून बैलाच्या पाठीवरची माती झटकायचा. आपल्याही पोराचं नाव येईल म्हणून बायका हातातलं काम तसंच धरून दारात उभ्या असायच्या. बाई एकालाही सोडत नसत. ज्या पोराने आठवडाभर काही म्हणजे काहीच केलं नाही, त्याची बातमी व्हायची, "दुसरीच्या अंकुशनं या आठवड्यात कोणालेच मारलं नाई."

असे सगळे कान एकदा भोंग्याकडे लागले, की मग सल्ला. नखं कापा. पाणी उकळा. ताप आला तर रक्त तपासा, अंगारा नंतर लावा. बाजूला पूर्वी निर्वासितांसाठी वसवलेल्या बंगाली वस्तीतूनही मुलं आमच्या शाळेत येत, म्हणून त्या शेवटी एक वाक्य बंगालीत म्हणायच्या, "भात खाबार आगे हात धोओ," म्हणजे जेवायच्या आधी हात धुवा. त्यांचा तो उच्चार ऐकून तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई म्हणायच्या, "हसा, हसा. हसलेलं ध्यानात राह्यते."

मी नवीन होतो तेव्हा मला हे सगळं थोडं पोरकट वाटायचं. मी एकदा म्हटलंही, "बाई, सरळ आरोग्याचंच सांगा ना. दात पडल्याच्या बातम्यांत निम्मा वेळ जातो."

"सर," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी पाहुणा आला अन् बसायच्या आधीच म्हणाला, हात धुवा, तर तुम्ही त्याले चहा द्याल का?"

उवांचा किस्सा सांगायलाच हवा. शाळेत उवा झाल्या. तिसरीतल्या एका मुलीकडे बोट दाखवून बाकीच्या मुली लांब बसू लागल्या. ती भिंतीला चिकटून, मान खाली घालून बसायची. शनिवारी भोंग्यावर बातमी आली, "शाळेत उवा आल्या आहेत. पटावर नाव नाई, पण हजेरी शंभर टक्के. कोणाच्या डोक्यातून आल्या ते इचारू नका. सगळ्यात आधी मोठ्या बाईच्या डोक्यात सापडल्या. सोमवारी सगळ्या आयांनी फणी घेऊन या."

मी घाबरून विचारलं, "खरंच सापडल्या?"

"नाई सापडल्या. पण त्या पोरीची मान जमिनीले लागून राह्यली, सर."

सोमवारी व्हरांड्यात आयांचा बाजार भरला. बाई सगळ्यांत पुढे केस सोडून बसल्या आणि त्याच मुलीच्या आईला म्हणाल्या, "तूच पाह्य बाई माझं डोकं." तिने फणी फिरवली आणि किंचाळली, "बाई, खरंच आहे इथी!" सगळा व्हरांडा हसला. बाई फणीकडे निरखून पाहत मला म्हणाल्या, "पाहा, मी खोटं बोलत नाई." त्या दिवसानंतर ती मुलगी मधल्या ओळीत बसू लागली.

सगळं गाव असं त्यांच्या बाजूचं होतं, असं मात्र नाही. चौकात, शाळेसमोरच देवरावभाऊंचं घर होतं. दोन एकर धान आणि भाड्याने फिरणारा एक ट्रॅक्टर, असा त्यांचा संसार. त्यांना बाईंच्या सल्ल्यांचा भयंकर कंटाळा. "आमच्या बापजाद्यानं पाणी उकळून पेलं का?" असं ते मोठ्याने म्हणायचे आणि बाई सल्ल्यावर आल्या, की ट्रॅक्टर सुरू करायचे. धड धड धड. बाईंचा आवाज मोठा, पण ट्रॅक्टरपुढे किती चालणार!

गंमत अशी, की त्यांची पायल आमच्या दुसरीत होती. बातम्या चालू असेपर्यंत ट्रॅक्टर बंद असायचा. पायलचं नाव येऊन गेलं, की किल्ली फिरायची. मी हे बाईंच्या लक्षात आणून दिलं, तर त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे. बाप आहे तो. त्याले पोरीतूनच सांगा लागते."

त्यानंतर बाईंनी एक बदल केला. सकाळच्या परिपाठात एकेका मुलाकडून एकेक आरोग्याची गोष्ट पाठ करून घ्यायची आणि शनिवारी तीच बातमी म्हणून सांगायची. सल्ला असा वेगळा उरलाच नाही. पावसाळ्यातले, धान रोवण्याचे दिवस होते, घराघरात जमिनीवर ओल होती. त्या शनिवारी देवरावभाऊंच्या दारासमोर उभं राहून बाईंनी बातमी दिली, "दुसरीच्या पायलनं आज परिपाठात मण्यार सापाची माहिती सांगितली. एक अक्षर चुकली नाई. ती म्हणाली, मण्यार झोपेत चावते. दुखत नाई, सूज येत नाई, डाग दिसत नाई. पहाटे पोट दुखते, घसा धरते, पापण्या जड होतात. साप पाहिला नाई म्हणून घरी बसू नका, दवाखान्यात न्या. खाली झोपू नका, खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा."

ट्रॅक्टर बंदच होता. देवरावभाऊ त्याच्या सीटवर बसून कान देऊन ऐकत होते. बातमी संपली तरी त्यांनी किल्ली फिरवली नाही. मला वाटतं, पोरगी एक अक्षर चुकली नाही, याच आनंदात ते होते.

पुढे काही दिवसांनी सकाळी मी शाळेत पोहोचतो, तर देवरावभाऊ बाईंच्या खोलीसमोर उभे. बाई शाळेला लागूनच राहत. भाऊंच्या कडेवर त्यांचा धाकटा मुलगा होता, अंगणवाडीत जाणारा. तो आजीजवळ खाली अंथरुणावर झोपायचा. आजी मागून धावत आली होती आणि सांगत होती, "कच्चे पेरू खाल्ले त्यानं काल. ओवा दिला, उतरंल. काऊन घाबरवून राह्यला सगळ्यायले? लागलंच तर पुजाऱ्याले दाखवू."

देवरावभाऊ तिच्याकडे पाहतच नव्हते. "बाई," ते म्हणाले, "याचं पोट दुखते. गिळता येत नाई म्हणते. अन् पायल म्हणाली, बाबा, याच्या पापण्या पाह्य."

बाईंनी पोराची हनुवटी वर केली. डोळे अर्धे मिटलेले. पोरगं उघडायचा प्रयत्न करत होतं आणि ते उघडत नव्हते. बाई एवढंच म्हणाल्या, "सर, गाडी फिरवा."

माझ्या मोटरसायकलवर मागे देवरावभाऊ पोराला छातीशी धरून बसले. बाई, पोराची आई आणि आजी मजुरांच्या जीपने मागून निघाल्या. रस्ता कसला, नुसते खड्डे आणि पाणी. भाऊ सारखे पोराच्या कानात बोलत होते, "झोपू नको राजा. ते पाह्य बगळा. ते पाह्य दुसरा." पोराला काही दिसत नसणार, पण भाऊ बगळे मोजायचे थांबले नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "साप पाहिला का कोणी?"

"नाई."

"चावल्याची खूण?"

"नाई. दुखत नाई, सूज येत नाई, डाग दिसत नाई," देवरावभाऊ एका दमात म्हणू लागले, "पहाटे पोट दुखते, घसा धरते, पापण्या जड होतात. आमच्या पायलनं परिपाठात सांगितलं."

डॉक्टरने पोराचे डोळे तपासले, नर्सला हाक मारली आणि विषावरचं औषध सुरू झालं. तिथून पुढे रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या दवाखान्यात. मध्ये एक वेळ अशी आली, की पोराचा श्वास यंत्रावर चालला होता.

तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर मोठ्या बाई बसून होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या. मग मला म्हणाल्या, "सर, पायलनं काही खाल्लं असंल का? सगळे इकडे आले. घरी ती एकटी असंल."

मी परत गावी आलो. पायल शाळेच्या पायरीवर बसली होती. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तिला जेवू घातलं होतं. तिने मला विचारलं, "सर, मी बरोबर सांगितलं होतं ना?" मी 'हो' म्हणून मान हलवली.

पोरगं वाचलं. घरी आलं तेव्हा हात काटक्यांसारखे झाले होते, पण आल्या आल्या त्याने पेरू मागितला आणि आजीने डोक्याला हात लावला.

त्या शनिवारी गाव लवकर जमलं. बाईंनी भोंगा पुसला, फुंकला. म्हणाल्या, "बातमी अशी आहे, की पायलचा भाऊ घरी आला." आणि तिथेच त्यांचा आवाज अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला. ज्या आवाजापायी त्या मोठ्या बाई झाल्या होत्या, तो आवाज काही केल्या निघेना.

देवरावभाऊ पुढे आले आणि त्यांनी बाईंच्या हातातून हळूच भोंगा घेतला. फुंकायचं वगैरे त्यांना माहीत नव्हतं. एकदम ओरडलेच, "मी देवराव बोलून राह्यलो! सल्ला मी सांगतो. आजपासून कोणी खाली झोपायचं नाई. माझी माय बी नाई. ज्याच्या घरी खाट नाई, त्यानं मले सांगा. बांबू माझ्या ट्रॅक्टरनं आणू, मोहल्ल्यातले भाऊ विणून देतीन. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. अन् पाणी उकळून प्या. अन् नखं कापा. अन्..." बाईंचे सगळे जुने सल्ले एकामागून एक बाहेर पडू लागले. म्हणजे ट्रॅक्टरच्या आवाजातही या माणसाने सगळं ऐकलं होतं!

ते थांबेचनात. शेवटी बाईंनीच डोळे पुसत त्यांच्या कोपराला हात लावला, "भाऊ, आवरा आता. बॅटरी उतरून राह्यली."

तो पाऊसकाळ गावात बांबूच्या खाटा विणण्यात गेला. आजीने खाटेवर झोपायला पहिल्यांदा साफ नकार दिला. खाली पडीन म्हणाली. मग तिची खाट बुटकी केली. हीसुद्धा बातमी झाली.

मोठ्या बाई निवृत्त होऊन त्यांच्या गावी, वडशाला गेल्या, त्यालाही आता काही काळ झाला. शाळेत नवे मुख्याध्यापक आले. चांगले आहेत. टाकीजवळ टॉवरही उभा राहिला, आता पालकांचा ग्रुप आहे आणि त्यावर सूचना येतात. लोक अंगठा दाखवतात. शनिवारी संध्याकाळी काही बायका अजूनही थोडा वेळ दारात उभ्या असतात. काम नसतं काही. उभ्या राहतात आणि आत जातात.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी वडशाला गेलो, तेव्हा बाईंना भेटायचं ठरवलं. रेल्वे फाटकाच्या अलीकडे घर. दाराला कडी. शेजारच्या बाईने सांगितलं, "मैदानावर असतीन. जपून जा, दादा." जपून का, ते तिने सांगितलं नाही.

मैदानाच्या कडेला पोचलो तेव्हा एक लाल स्कूटी समोरून येत होती. वर मोठ्या बाई, साडी खोचलेली, डोक्यावर हेल्मेट, डोळे विस्फारलेले. मागून त्यांची भाची धावत होती, "मावशी, ब्रेक! मावशी, ब्रेक!" बाईंनी मला ओळखलं. चेहरा उजळला. नमस्कारासाठी एक हात सुटला आणि गाडी झोकांडी खाऊन सरळ झाली.

"सर!" त्या माझ्यासमोरून जाता जाता ओरडल्या, "थांबणं अजून शिकली नाई! बसा, चहा घेऊन जा!"

आणि तशाच पुढे गेल्या, धानाच्या गिरणीला वळसा घालून, दिसेनाशा होईपर्यंत. हॉर्न मात्र बराच वेळ ऐकू येत होता.