तांदळाच्या पिंपातली टेप

नाखवाबाई टेप घालताना तिच्यावर लिहिलेला वार मोठ्यानं वाचायच्या. मग कमांड टाइप करायच्या, दोन्ही हात मांडीवर घ्यायच्या, पडद्यावरची ओळही वाचायच्या आणि मगच एंटर दाबायच्या. वागळे इस्टेटमधल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात होता. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो, तेव्हा मला हे सगळं सोवळंच वाटायचं.

"हात लांब गेला की डोकं जवळ येतं," त्या म्हणायच्या.

शनिवारी सगळ्या ड्रॉइंगांचा पूर्ण बॅकअप निघायचा, तोही दोनदा. एक टेप कपाटात, दुसरी बाईंच्या पिशवीतून ठाण्याच्या कोळीवाड्यात, त्यांच्या घरी. इतर दिवशी फक्त त्या दिवसात बदललेल्या फायली, आणि प्रत्येक वाराची टेप वेगळी. त्या दुसऱ्या टेपपायी अर्धा शनिवार जातो म्हणून ड्रॉइंगवाले कुरकुरायचे. बाई शांतपणे सांगायच्या, "पावसात आमच्या होड्या बंद. तेव्हा सुकट लागते, पण ती वाळवायची उन्हातच."

एका बुधवारी त्या भाचीच्या लग्नाला गेल्या. मी मोठ्या रुबाबात टेप घातली आणि वार न वाचता एंटर मारला. गुरुवारी सकाळी डिस्क गेली. इंजिनियरनं नवी बसवली, बाईंनी कपाटातली शनिवारची टेप घातली, तर तिच्यात बुधवारच्या अकरा फायली. तीन वर्षांची ड्रॉइंग मी पुसली होती. नोकरीत पक्का व्हायला मला दीड महिना उरला होता. काय केलं ते मी सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "गाढवा, माझ्या घरी जा. रिक्षा कर. तूच जा."

घरी त्यांच्या सासूबाई ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. "तिचा डबा का? तांदलान हाय. हात धू नि काढ." मी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. खाडीच्या दमट हवेत टेप कोरडी राहावी म्हणून बाई तिला तिथं ठेवत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला डबा बोटांना लागला आणि मला रडूच आलं. म्हातारीनं पाणी दिलं.

मग नव्या डिस्कवर आधी शनिवारची टेप उतरवली, त्यावर सोमवारची, मंगळवारची. क्रम चुकला तर नव्यावर जुनं बसतं. शेवटी बुधवारच्या फायली, मीच बिघडवलेल्या टेपवरच्या. "बघ, तीही कामाला आली," बाई म्हणाल्या. साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, "चूक माझ्या खात्यात झाली, माझ्या खात्यानं निस्तरली." मी पक्का झालो.

पुढं सहा वर्षांनी त्या रिटायर झाल्या, तो शनिवारच होता. शेवटची कमांड त्यांनी टाइप केली, हात मांडीवर घेतले आणि मला म्हणाल्या, "वाच." मी वाचली. एंटर त्यांनी मलाच दाबायला लावला. दुसरी टेप निघाली, ती त्यांनी नेहमीसारखी पिशवीत टाकली नाही. माझ्या हातात दिली.

"डोंबिवलीला, तुझ्या घरी, तांदूळ कशात ठेवता रे?"

"पत्र्याच्या डब्यात."

"मग जाऊन थोडी जागा कर."