भरदुपारचा दिवा

आश्रुबा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो फक्त मुंडक्यापुरता होता. बाकीचा माणूस जमिनीत होता.

घाटनांदूरच्या मराठी शाळेवर मी नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. कोरं धोतर, काखेत छत्री आणि चालण्यात अशी ऐट, की निजाम सरकारनं अर्धा मोमिनाबाद तालुका माझ्या नावावर करून दिलाय. चावडीमागचं मैदान ओलांडत होतो, तोच पायाखालची धरणी गरजली, "पाय काढ बे!"

धरणी दुभंगते हे मी पुराणात वाचलं होतं. ती 'बे' म्हणते हे पुराणात नव्हतं. मी जी उडी मारली ती, जुनी माणसं सांगतात, चावडीच्या कौलांना वळसा घालून खाली आली. छत्री चिंचेत अडकली, ती संक्रांतीला निघाली. मागं वळून पाहतो तर जमिनीतून एक मुंडकं वर आलेलं. मिशांत भुसकट, भुवयांवर भुसकट, आणि कानांत एवढं, की एखादी शेळी त्यावर दोन दिवस जगली असती.

"मास्तर व्हय?" मुंडकं म्हणालं. "मला वाटलं म्हैस हाय. बसा."

गावातली सगळी पेवं आश्रुबा उघडायचा. पेव म्हणजे धान्याचं जमिनीतलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट सावकाराचं. आता पत्र्याची गोदामं आली. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला जो आंबूस, मातकट वास यायचा तो आजच्या माणसाला सोसणार नाही, तो ताट सरकवेल. मला मात्र अजून कुठं ओली माती उकरली की भूक लागते.

बंद पेवात हवा विषारी होते. म्हणून आश्रुबा आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा तगला तर स्वतः उतरायचा. जगात कुणावर विश्वास ठेवायचा तर दिव्यावर, असं त्याचं मत होतं. माणसांबद्दल तो म्हणायचा, "आत उतरून बघितल्याबिगर काय सांगता येत न्हाई." बायको भिवराबाई म्हणायची, "तीस वर्सं बघतेय, आत भुसकटच हाय."

सगळ्यात मोठं होतं गावपेव. सुगीला प्रत्येक घरानं दोन पायल्या ज्वारी त्यात टाकायची आणि वाईट साल आलं की वाटून घ्यायची. पंचांनी हुकूम द्यायचा, आश्रुबानं झाकण काढायचं, ही रीत. मी सांगतोय त्या वर्षी आत चाळीस खंडी ज्वारी होती. आश्रुबा तिच्यावरून चालताना चपला हातात घ्यायचा.

फसली तेराशे एकतीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकवीसच्या सुमारास, मुंबईत कापसाचा भाव कोसळला आणि त्याचा आवाज घाटनांदुरात भगवानरावांच्या पेढीत झाला. गावातल्या बऱ्या घरांच्या ठेवी तिथं होत्या. भगवानरावांनी त्या न पाहिलेल्या कापसाच्या सट्ट्यावर लावल्या होत्या. पंचांचे प्रमुख मोहनराव देशमुख. "पेढीत ठेवा, पेढी बुडत नसते," असं चावडीवर बसून सांगणारे तेच. आता त्यांच्या स्वतःच्याही ठेवी तिथंच होत्या, हे सांगायला नको.

मोहनराव एक कागद घेऊन आश्रुबाकडं आले.

"आश्रुबा, इमदादीसाठी गावपेव उघडायचं हाय. पंचांचा हुकूम."

'इमदाद' हा कचेरीतला शब्द. आश्रुबाला एवढं ठाऊक होतं की त्यात काहीतरी पुण्य असतं. कुठंतरी माणसं उपाशी असतील, असं समजून त्यानं दिवा सोडला, उतरला आणि दोन दिवस पोती भरून वर दिली. गाड्या लातूरच्या अडतीकडं गेल्या. आश्रुबा छाती काढून घरी आला.

"कुणाला दिली म्हणं ज्वारी?" भिवराबाईनं विचारलं.

"इमदादीला."

"ही कोण बाई? कुठल्या गावची?"

"बाई न्हाई गं! मदत असतीया ती. अडल्यानडल्याला."

"मग भगवानराव कवापासून अडले? ज्वारीचा पैका त्यांच्या पेढीत गेला. आडावर सगळ्या बाया बोलतात, आश्रुबानं पेव भगवानरावाला दिलं."

आश्रुबा खाटेवर बसला तो उठेना. गावात राग लई होता. पण राग देशमुखांपर्यंत जायचा तर वाटेत आश्रुबाचं घर लागायचं, आणि तो तिथंच थांबायचा. पानवाला पान देईना. न्हावी अर्धी दाढी करून, "आता इमदाद करा," म्हणून उठला. मी पाहिलंय, तो अर्ध्या दाढीनं आठ दिवस हिंडत होता.

"मास्तर," तो मला म्हणाला, "ज्वारी गेली ती गेली. पर हुकूम माझा नव्हता, एवढं त्यांनी चावडीत चारचौघांत बोलावं. हात माझा होता, हे मी कबूल करतो. तोंड कुणाचं होतं, हे बी कुणीतरी कबूल करावं का न्हाई?"

मी शिकलेला माणूस. त्यामुळं मी 'बघू' म्हणालो.

आश्रुबा 'बघू' म्हणाला नाही. आमच्याकडं जुनी रीत होती, की पेढीवाल्याचं दिवाळं निघालं तर त्यानं गादी उलटी करायची आणि भरदिवसा दारात दिवा लावायचा. जगानं ओळखायचं. भगवानरावांची गादी सरळ होती, पेढी वाचली होती. आश्रुबानं दुपारी बारा वाजता एक पणती पेटवली आणि चावडीत मोहनरावांच्या बैठकीसमोर आणून ठेवली.

"हे काय बे?" मोहनराव.

"दिवाळं हाय, मालक."

"कुणाचं? पेढी तर चालू हाय!"

"तेच इचारायला आलोय. पेढी भरली, पेव रितं झालं. दिवाळं तर निघालंच हाय. मग दिवा कुणाच्या दारात लावायचा, कळंना. हुकूम कुणाचा व्हता तेवढं सांगा, तिकडं नेऊन ठेवतो."

"उचल ती पणती!"

"उचलतो की. कुठं नेऊ?"

मोहनराव देशमुख हे रुबाबदार गृहस्थ. त्यांच्या खाकरण्यानं गावातली कुत्री बसायची. पण पणतीपुढं त्यांचं काही चालेना, कारण लावलेला दिवा फुंकायचा कुणी? आपल्यात दिवा 'विझव' असं तोंडानंसुद्धा म्हणत नाहीत. चावडीच्या शिपायाला त्यांनी नुसतं डोळ्यांनी खुणावलं, तर तो हात जोडून म्हणाला, "मालक, माझी पोरगी लगीनाची हाय."

"तेल संपलं की जाईल आपोआप," असं म्हणून मोहनराव तक्क्याला टेकले.

तेल संपलं नाही. दुसऱ्या दिवशी भिवराबाई पळीभर करडईचं तेल घालून गेली. तिसऱ्या दिवशी आडावरून येणाऱ्या दोन बाया, काही न बोलता. मग रांगच लागली. आश्रुबाला पान न देणारा पानवाला वात घेऊन आला. न्हाव्यानं उरलेली दाढी फुकट केली. ज्यांना देशमुखांपुढं तोंड उघडायची छाती नव्हती, त्यांना तेल घालायला छाती लागत नव्हती. मीही घातलं. बाटली पंच्याखाली झाकून नेली होती, पण घातलं.

अकराव्या दिवशी तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले. भरदुपारी चावडीत पणती पाहून थबकले.

"दिन में चिराग? क्यों?"

"हुजूर, आपल्या स्वागतासाठी," मोहनराव लगबगीनं म्हणाले.

"न्हाई हुजूर," मागून तो धरणी हलवणारा आवाज आला. "दिवाळं हाय."

"किस का?"

चावडी गच्च भरलेली. साहेब पंचांकडं वळले. एक पंच म्हणाले, मी नुसता अंगठा दिला. दुसरे म्हणाले, मी त्या दिवशी घाटनांदुरातच नव्हतो, उमापूरला सोयऱ्याकडं गेलतो. तिसऱ्यांना कमी ऐकू येतं हे गावाला त्या दिवशी प्रथमच कळलं. भगवानराव पागोट्याचा पदर नीट करत राहिले. शेवटी सगळ्यांच्या नजरा हिंडून फिरून मोहनरावांच्याच पागोट्यावर थांबल्या.

मोहनराव बराच वेळ पणतीकडं पाहत होते. मला वाटतं, तेही थकले असावेत. अकरा दिवस समोर दिवा घेऊन बसणं सोपं नाही. देवाला सवय असते, माणसाला नसते.

"हुकूम माझा होता," ते म्हणाले. "आश्रुबाला मी खरं सांगितलं न्हाई. पेढी वाचवायला मी ज्वारी विकली. चूक माझी."

साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि सरबत मागितलं. पण चावडीत जे झालं ते मी विसरलेलो नाही. टाळ्या नाहीत, आरडाओरड नाही. अडलेला श्वास शंभर जणांनी एकदम सोडावा तसा आवाज झाला, बस. आश्रुबा पुढं आला, मोहनरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मालक, आता शांत करा." मोहनरावांनी फूल लावून वात तेलात ओढली.

त्या दिवसाइतकं हलकं गाव मी पुन्हा पाहिलं नाही. भिवराबाईनं नवऱ्याला पुरणपोळी घातली आणि वर ऐकवलं, "मोठा आलाय इमदादीचा दादला!" तोही हसला. दोन्हीकडची दाढी केलेला आश्रुबा तसा देखणा होता.

चाळीस खंडींपैकी तीन खंडी ज्वारी परत आली. पेढी पुढच्या दिवाळीआधी बंद पडली. नवे पंच नेमायची वेळ आली तेव्हा मोहनराव देशमुखच पुन्हा प्रमुख झाले. कुणी हरकत घेतली नाही. आश्रुबानंही हात वर केला होता.