डाव्या हाताचं सारवण

माझी सून पुण्याहून मला ध्यानाचे व्हिडिओ पाठवते. दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघायचं म्हणे. श्वासाकडे काय बघायचं? तो येतोय-जातोय तोवर ठीक. तरी दोनदा बसले. एकदा झोप लागली, दुसऱ्यांदा गॅसवरचं दूध उतू गेलं. मग ते प्रकरण मी सोडून दिलं. माझं ध्यान लागलं ते गेल्या दिवाळीच्या आधी, शेणात हात घालून. आणि तेही जिच्याशी मी नऊ वर्षं बोलत नव्हते, तिच्या खळ्यात.

ती माझी मोठी जाऊ. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. दोघींचेही नवरे गेलेले. समोरचं अंगण, त्याला आम्ही खळं म्हणतो, तेही अर्धं तिचं आणि अर्धं माझं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या कोंबड्यांनी माझं ताजं सारवलेलं खळं उकरून ठेवलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. तिला मूल नव्हतं. चार माणसं ऐकत असताना मी म्हणाले, "सकाळी फाटफटी उठान वांझेचा तोंड बघूचा लागता, म्हणान माझ्या घराक बरकत नाय."

तिने कोंबड्या गोळा केल्या आणि आत गेली. माझं चुकलं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण माफी मागायची म्हणजे तिच्या दारात जायचं, आणि माझी मान कुठली वाकायला! उद्या बघू, उद्या बघू करत नऊ वर्षं गेली.

गेल्या श्रावणात ती विहिरीच्या पायरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. तिचा भाऊ तिला बांद्याला आपल्या घरी घेऊन गेला. दाराला कुलूप लागलं. खोटं कशाला सांगू, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात काय झालंय ते कळलं. भिंतीपलीकडून तिच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या, खोबरं खवल्याचा आवाज यायचा, ती खोकायची. आम्ही बोलत नव्हतो, पण मी एकटी नव्हते. आता मी जेवताना टीव्ही लावून ठेवायला लागले. बघत नसे, नुसता लावून ठेवायचा.

पाऊस संपल्यावर मी माझं खळं करून घेतलं. तिच्या अर्ध्यात गुडघाभर गवत माजलं होतं. गवतात फुरसं निघायचं, आपल्याच पायाला चावायचं, असं स्वतःला सांगून मी ते उपटायला घेतलं. दोन दिवस लागले. मग वाटलं, उपटलंच आहे तर खड्डेही भरू. खड्डे भरल्यावर माती पेटण्याने, म्हणजे लाकडी थापीने, बडवावी लागतेच. असं करत करत तिसऱ्या दिवशी मी शेणाची बादली घेऊन तिच्या दारासमोर बसले होते.

सवयीने उजव्या हाताने सुरुवात केली. चार हात सारवलं आणि मागे वळून बघितलं तर काहीतरी खटकलं. ती डावखुरी. तिच्या बोटांच्या रेघा उलट्या बाजूला वळायच्या. तिच्या अर्ध्याकडे आपण कधी ढुंकून बघत नाही अशी माझी समजूत होती, आणि मला तर तिची एकेक रेघ पाठ होती. मी केलं तेवढं पुसून काढलं आणि डावा हात घातला.

डावा हात माझं ऐकेना. कुठे शेणाचा गोळा राही, कुठे बोटं खालची माती उकरून काढत. एकेका वितीसाठी हाताला सांगावं लागे, इकडे वळ, आता सावकाश, आता उचल. त्या नादात गुडघ्याचं दुखणं, मुलाचा न आलेला फोन, संपत आलेला सिलेंडर, सगळं मागे पडलं. डोक्यात काहीच उरलं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत ते माझं वाक्य वर आलं, जसंच्या तसं, माझ्याच आवाजात. मी रडले. पाणी शेणात पडत होतं. पडू दे म्हटलं, तेवढं पातळ करायला नको. देवळात कितीदा हात जोडले, पण देवासमोर इतकी खरी मी कधी बसले नव्हते. ती आली की पहिली माफी मागायची, असं ठरवून मी उठले.

चौथ्या दिवशी दुपारी रिक्षा आली. भाऊ तिच्या साड्या आणि कागदपत्रं भरायला कुलूप काढून आत गेला. ती वॉकर धरून खळ्याच्या कडेला उभी राहिली. किती वाळली होती.

"डाव्या हातान सारवलंस?" तिने विचारलं.

"होय," म्हटलं. आणि मग धीर करून, "वैनी, त्या दिवशी मी बोललंय ता माझा चुकला. माका माफ कर."

तिने वॉकरचा पाय सारवणाच्या कडेवरून मागे घेतला.

"नऊ वर्सां मी फाटफटी काळोखात खळा झाडान घेय होतंय," ती म्हणाली. "तू दार उघडूच्या आधी आत जाय होतंय. तुका माझा तोंड दिसाक नको म्हणान."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. मी एवढंच म्हणाले, "चाय घेवन जा."

"नको गो. बांद्याक पोचाक उशीर जातलो."

भावाने तिला धरून रिक्षात बसवलं, वॉकर आडवा करून पायाशी ठेवला. रिक्षा चालू झाल्यावर तिने डोकं बाहेर काढलं.

"मी आता परत येवचंय नाय. तू बिनघोर उठ."

हल्ली मी फाटफटीच उठते. दार उघडते. समोर कोणाचंच तोंड नसतं.