हमीद सर आणि ती थप्पड

हमीद सर आज पहाटे गेले.

ज्या माणसाच्या थोबाडीत माझ्या बाबांनी भर मैदानात मारली होती, ते हे.

आमच्या सदर भागातल्या ग्राउंडवर ते आम्हा मुलींना हॉकी शिकवायचे. मी तेव्हा दहावीत. खेळ चांगला, पण डोकं गरम. एका मॅचमध्ये समोरच्या मुलीच्या नडगीवर मी मुद्दाम स्टिक घातली. सरांनी मला फायनलच्या टीममधून काढलं.

बाबा तडक ग्राउंडवर आले. रागाच्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी.

वाद झाला. आणि बाबांचा हात उठला.

रमजान चालू होता. सिनियर मुली स्टिका घेऊन धावल्या.

"स्टिक नीचे," सर म्हणाले.

मग बाबांना म्हणाले, "भाईसाहब, मैं रोज़े से हूँ."

आणि सर खाली गवतावर बसले. थोड्या वेळाने उठले, नळावर वजू केला, नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले आणि शिट्टी वाजवली. "चलो, पेनल्टी कॉर्नर."

 तिसऱ्या दिवशी बाबांनी मला स्कूटरवर बसवलं आणि थेट सरांच्या घरी गेले. दारातच हात जोडले.

सर म्हणाले, "पहले अंदर तो आइए."

बाबांनी विचारलं, "तुम्ही माझ्यापेक्षा ताकदवान. हात काहून नाही उचलला?"

"उठने ही वाला था," सर हसले. "जवानी में एक लड़के का जबड़ा तोड़ चुका हूँ. फिर अब्बा ने सिखाया, हमारे रसूल की सीख है, गुस्से में खड़े हो तो बैठ जाओ. पहलवान वो नहीं जो दूसरे को पटक दे, पहलवान वो जो गुस्से में खुद को संभाल ले. उस दिन बैठ गया, तो बच गया."

बाबांचे डोळे भरले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

ती फायनल मात्र सरांनी मला खेळू दिली नाही. बेंचवर बसवलं. माफी वेगळी, टीम वेगळी.

पुढच्या वर्षी मी कॅप्टन. फायनल एक-एक बरोबरीत, शेवटची पाच मिनिटं. एकीने माझ्या गुडघ्यावर स्टिक मारली, वर शिवी दिली. स्टिकवरची माझी मूठ आवळली.

मी खाली बसले. श्वास घेतला. उठले.

पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोल.

सगळं ग्राउंड नाचून राहिलं होतं. सर शांतपणे माझ्याजवळ आले. "गोल अच्छा था, बेटा. बैठना उससे अच्छा था."

तेवढं मोठं बक्षीस मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आज दुपारी जनाजा निघाला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी हॉकी शिकवलेल्या मुली उभ्या होत्या. कोणी रेल्वेत, कोणी पोलिसात, कोणी शाळेत शिकवणारी.

बाबा आता शहात्तर वर्षांचे, तरी खांदा द्यायला पुढे झाले. सरांचा मुलगा म्हणाला, "चाचाजी, आप रहने दीजिए."

बाबा म्हणाले, "नहीं बेटा. कंधा मैं दूँगा."

आणि दिला. मशिदीच्या दारापर्यंत.

सर, तुमच्या मुलींचा तुम्हाला शेवटचा सलाम.