ब्रदर बेनितोचा उपास

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या गावातला ब्रदर बेनितो ठाण्याच्या नौपाड्यात राहायला आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. ते साल १९८४. आनंदराव आणि सुमतीबाईंनी आपली खालची खोली त्याला दिली, पण त्याआधी सात घरांनी नकार दिला होता. मुंबईच्या वरिष्ठ फादरांनी त्याला बजावलं होतं, "ईस्टरपर्यंत लोकांत राहून दाखव. नाही जमलं तर इथे मठात येऊन ग्रंथालय सांभाळ." बेनितोला पुस्तकांची धास्ती होती. हातात रंधा असला की गडी खूश.

सुमतीबाईंची अट एकच होती. "घरात मटण-कोंबडी शिजवायची नाही." बेनितोने छातीवर हात ठेवून ती मान्य केली.

पहाटे पाचला उठून तो प्रार्थना करी, खोली झाडी, आणि सायकलवरून खाडीपूल ओलांडून कळव्याला जाई. तिथे तो सुतारकामाचा वर्ग चालवत असे. चारला परत आला की स्वतःचे कपडे धुई. आपला पांढरा झगा तो दोरीवर इतक्या निगुतीने घाली, की सुमतीबाई आनंदरावांना मुद्दाम खिडकीशी बोलावून दाखवत. संध्याकाळी आनंदराव त्याला मराठी शिकवत आणि त्याबरोबर रीतभातही.

"हे बघा बेनितोराव, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची."

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू झाले आणि ब्रदर दर शुक्रवारी उपास करतो हे सुमतीबाईंना कळलं. त्यांचाही शुक्रवार असे. "परमुलखातला मुलगा, पण वार पाळतो. नाहीतर आपल्याकडचे!" आपल्याकडचे म्हणजे आनंदराव. ते तेव्हा बटाटेवडा खात होते.

पहिल्याच शुक्रवारी झाकणाच्या डब्यातून साबुदाण्याची खिचडी खाली गेली. बेनितोने ती शेवटच्या दाण्यापर्यंत संपवली, डबा लख्ख घासला आणि विचारात पडला. एवढ्या मायेला चिमूटभर साखर फार थोडी होती. त्याला आईचं शुक्रवारचं पातेलं आठवलं.

पुढच्या शुक्रवारी कळव्यात त्याने जनीला गाठलं. जनी वर्गाच्या दाराशी मासळी विकायला बसे. तिचा मोडका पाट त्याने दुरुस्त करून दिला होता, म्हणून चार ताज्या बोई तिने आपणहून त्याच्या पिशवीत टाकल्या.

"आज माझा उपास आहे," बेनितो आनंदाने म्हणाला.

"उपास हाय न् म्हावरं नेतंस?"

"आमच्याकडे उपासाला मांस नाही. मासे चालतात."

जनीने कपाळावर हात मारला. "मंग मी त जल्मापासून उपासच करतंय!"

सुमतीबाई देवळात गेल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा दारात झगा घातलेला बेनितो उभा होता आणि त्याच्या हातात तो डबा होता. त्यांनी कौतुकाने झाकण उघडलं. आत लसूण-बटाटा घातलेल्या रश्श्यात बोई होत्या.

"हे काय?"

"उपासाचं. माझी आई दर शुक्रवारी करते. मासे कळव्याच्या जनीबाईंनी दिले. मी सकाळपासून खाल्लं नाही. आधी तुम्ही."

सुमतीबाईंनी झाकण लावलं. त्या डब्यातून आजवर प्रसादाशिवाय आणि फराळाशिवाय काही गेलं-आलं नव्हतं. "माझ्या घरात शिजवलंत?"

"हो. मटण नाही. कोंबडी नाही."

आनंदराव वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अट त्याने मोडलेली नाही हो."

"तुम्ही गप्प बसा."

"आणि भांडं रिकामं देऊ नये, हे मीच शिकवलं त्याला."

"तरीच."

आपण काय केलं हे एव्हाना बेनितोच्या लक्षात आलं होतं. त्याचे कान लाल झाले. "मी उद्या खोली सोडतो," तो हळूच म्हणाला.

सुमतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तोंड पार सुकलं होतं पोराचं. "सकाळपासून काहीच नाही पोटात?"

"पाणी."

"उपाशी माणसाला घालवायची रीत नाही आमच्यात. हा डबा घे, अंगणात बस आणि जेव आधी. डबा आता तुझाच. आणि पुन्हा असलं काही शिजवायचं झालं, तर त्या कळव्याच्या बाईच्या चुलीवर."

त्यांनी साऱ्या खिडक्या सताड उघडल्या आणि दोनदा फरशी पुसली. बाई आपल्याला अरे-तुरे करायला लागल्या, हे बेनितोला अंगणात दुसऱ्या घासाला कळलं.

पुढच्या शुक्रवारी खिचडी आली ती वेगळ्या डब्यातून. तो परत करताना बेनितोने काठोकाठ साखर भरली. तरी सुमतीबाईंनी झाकण हात लांब करूनच उघडलं.

ईस्टरच्या आठवड्यात फादर पाहणीला आले. सुमतीबाईंनी त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, "शुक्रवारी तुम्हीही तेच खाता?"

फादर हसून हो म्हणाले.

"मग येत्या शुक्रवारी तुम्हीही कळव्याला जेवा. जनीला सांगून ठेवते. हा मात्र इथेच राहणार आहे."