मैनाबाईचा दुपारचा तास

आमच्या गावात माणसाला एकटं बसायला कारण लागतं. ताप आला असेल, भांडण झालं असेल किंवा घरात कोणी गेलं असेल, तर बसा. उगीच बसायची सोय नाही. अकोटच्या अलीकडे फाट्यावर उतरून जरा आत आलात की आमचं गाव लागतं, आणि तुम्ही उतरल्याची बातमी तुमच्या आधी पोचते.

अशा गावात मैनाबाईने रोज दुपारी तासभर एकटं बसायचं ठरवलं. तिचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, कडेला झेंडू. घरात सासू, दोन दीर, दोन जावा, पोरं, टीव्ही आणि नवरा पंजाबराव. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याचं तोंड बंद राहत नाही. झोपेतसुद्धा तो वांग्याचा भाव सांगतो. जेवणं उरकली की मैनाबाई बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायची. हातात मोबाईल नाही, विळा नाही, काही नाही. परत आली की जावांशी गोड बोलायची आणि पंजाबरावाचे भाव पुन्हा ऐकून घ्यायची. फायदा सगळ्या घराचा होत होता, पण तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

एका मंगळवारी पंजाबराव बिघडलेला मोबाईल घेऊन अकोटला गेला. त्या दुपारी शेजारच्या मळ्यातली पार्वताबाई बांधावरून चालली होती. तिला मैनाबाई दिसली.

“काय झालं व मैना?”

“काही नाही. बसली उलीशी.”

“एकटी? काहून?”

“बरं वाटते.”

एकटं बसून बाईला बरं वाटतं, हे पार्वताबाईने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिने पंजाबरावाला फोन लावला. बंद. मग तिला सगळं समजलं, आणि ती सांगायला गावाकडे धावली.

आमच्याकडे कोणी गेलं की लोक त्या घरी बसायला जातात. दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पहिल्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारी बेसन-भाकर घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. बघता बघता निंबाखाली अर्धं गाव बसलं. पुरुष एकीकडे टोप्या काढून, बाया मैनाबाईभोवती, आणि मध्ये भाकरीच्या टोपल्या. सासूला कोणी कळवलंच नव्हतं. रडणं ऐकून ती धावत आली आणि कोण गेलं ते न विचारताच रडायला बसली.

“आवो, ते अकोटले गेले हायेत,” मैनाबाई म्हणाली. “येतीन सांजच्याले.”

“धक्का बसला की असंच बोलते माणूस,” पार्वताबाईने बाकीच्यांना सांगितलं.

“जिवंत हायेत ते.”

“हो व माय. आपल्यासाठी जिवंतच रायतीन.”

“मले उलीसं एकटं बसू द्या.”

हे ऐकल्यावर तर दोघींनी तिचे हात धरले आणि तिसरी तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

पंजाबराव एसटीने परत आला. घर रिकामं, मळ्यात गर्दी. मैनेला काही झालं या भीतीने तो धापा टाकत आला आणि सगळ्यात मागे बसलेल्या शालिकरामला विचारलं, “कोन गेलं?”

शालिकरामने वळून पाहिलं. “तुमी,” तो म्हणाला.

पंजाबराव मटकन खाली बसला. कोणीतरी सवयीने त्याच्या हातात भाकर दिली. भूक लागली होती, त्याने खायला घेतली. स्वतःचा कडू घास खाणारा माझ्या माहितीतला हा एकच माणूस.

तो जिवंत निघाल्याचा लोकांना आनंद झाला, पण एवढं रडणं वाया गेलं त्याचा राग कोणावर तरी काढायला हवा होता. “मंग तू एकटी काहून बसली होती?” पार्वताबाईने मैनाबाईला खडसावलं. सासू म्हणाली, उद्यापासून हे बसणं बंद. जावांनी माना डोलावल्या. तेव्हा कुठे मैनाबाईचा चेहरा खरंच कोणी गेल्यासारखा झाला. मला फार वाईट वाटलं, पण त्या गर्दीत एकट्याने वाईट वाटून घ्यायलाही जागा नव्हती.

पंजाबराव भाकर चावत तिच्यापाशी आला. “म्या मेलो तरी तू रडली नाही. इथं बसून करतं तरी काय?”

मैनाबाई झेंडूकडे बघत म्हणाली, “तुमची आठवण काढतो.”

“मी तं घरीच रायतो.”

“म्हणूनच तं. घरी तुमी असता. मंग आठवण कुठून येईन?”

हे कळायला पंजाबरावाला हातातली भाकर संपेपर्यंत वेळ लागला. तेवढा वेळ तो गप्प होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तो बांधाच्या टोकाला उभा राहायला लागला. अजून राहतो. कोणी आलं की हात आडवा करतो आणि आवाज खाली आणून सांगतो, “तिकडून जा बाप्पा. ती मले आठवून राहिली.”