हंबीररावांच्या उसाचा नंबर

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासात हुसेन मुल्लाणी पहिला आला होता. तरी आपल्याला काही येत नाही आणि हे एक दिवस उघडं पडणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्याची.

शहाऐंशी साली एका साखर कारखान्यानं (नाव कशाला घ्या!) नारळ फोडून कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्यापुढं हुसेनला बसवलं. त्या गार खोलीत संचालकसुद्धा पायताणं बाहेर काढून येत. काम एकच, ऊसतोडीची यादी. ज्यानं ऊस आधी लावला, म्हणजे ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. प्रोग्रॅम सरळ होता, हुसेनचं डोकं तेवढं सरळ नव्हतं. मशीननं काढलेली यादी कारखान्याच्या कॉलनीतल्या घरी नेऊन तो नावांच्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडायचा आणि हातानं नंबर लावून बघायचा.

पहिल्याच यादीत संचालक हंबीरराव एकशे सत्तेचाळिसावे आले. त्यांचा ऊस दरसाल पहिला तुटे. हुसेननं चिठ्ठ्या तीनदा मांडल्या, तरी एकशे सत्तेचाळीसच.

"प्रोग्रॅम चुकलाय," तो म्हणाला.

"मशीन बी त्येच म्हणतंय, चिठ्ठ्या बी त्येच म्हणत्यात," बायको नजीरा वैतागली. "एकटं तुमीच न्हाय म्हणताय!"

दुसऱ्या दिवशी यादी फळ्यावर लागली. हुसेन खिशात राजीनामा घालूनच गेला होता. थोड्या वेळानं करकर वाजत पायताणं आली आणि दाराबाहेर थांबली. संतापातही हंबीररावांनी ती काढली.

"यंत्र येडं झालंय व्हय? माझा ऊस कायम पयला असतुया!"

हुसेनचा हात खिशात गेला. तेवढ्यात कोपऱ्यातून गणपतराव बोलले. वीस वर्षं यादी हातानं लिहिणारे हे कारकून महिन्याभरात निवृत्त होणार होते.

"आबा, तुमची लागण कवाची?"

"संक्रातीची."

"वरच्या सगळ्यांची त्याआधीची हाय. वीस वर्सं मी तुमास्नी पयलं लिवलं, कारन मला भ्या वाटायचं. मशीनला वाटत न्हाय."

मशीनला वाटत नसेल, हुसेनला मात्र भरपूर वाटत होतं. हंबीरराव त्याच्याकडं वळले.

"तू सांग रं. चुकलंय का यंत्र?"

हुसेननं खिशातल्या खिशात राजीनामा मुठीत चुरगळला.

"न्हाय," तो म्हणाला.

हंबीरराव तणतणत गेले, ते हुसेनची पायताणं घालूनच. संध्याकाळी पायताणांची करकर ऐकून नजीरा डोक्यावर पदर घेत दारात आली, तर समोर नवरा.

"राजीनामा दिलासा का?"

"पायताण लई सैल व्हतं," हुसेन म्हणाला. "पट्ट्यात कोंबलाय."